बाईकच्या स्क्रीनवरचं नेव्हिगेशन आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण: रूट कसा बसवायचा?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि बायको बाईकवरून मालवणला निघतोय. जायचं ते समुद्राच्या कडेकडेनेच. घाई अजिबात नाही, वाटेत चार मुक्काम धरलेत. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला फेरीबोट, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असा ढोबळ बेत आहे.

बाईक नवी आहे. मीटरमध्येच गोल रंगीत स्क्रीन आहे आणि फोन जोडला की त्यावर पूर्ण नकाशा दिसतो. रूट फोनवरच्या ॲपमध्ये बनवायचा, फोन खिशात ठेवायचा आणि स्क्रीनकडे बघत जायचं. फोन हँडलला लावायचा नाही हे पक्कं आहे. मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, हे ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं.

अडचण अशी की पुणे आणि मालवण टाकलं की रूट कोल्हापूरवरून घाट उतरतो, आणि तेही बरोबरच आहे म्हणा, कारण लवकर पोचायचं तर तोच रस्ता. मधे श्रीवर्धन, गुहागर, रत्नागिरी असे थांबे घातले तर दोन थांब्यांच्या मधला रस्ता पुन्हा आत मुंबई-गोवा महामार्गाकडे वळतो. जास्त थांबे घातले तर यादी भरते. संगणकावर रेघ ओढून हवी तशी वाकवली, पण फोनवर ती तशी येत नाही. तुम्ही लोक असे रूट कसे बसवता? हा रस्ता कोणी नेव्हिगेशन लावून केलाय का? शक्य तितकं तपशिलात सांगा, वाचायची तयारी आहे.

---

रोहा_रायडर

आधी दोन सेटिंग्ज बघा. नकाशाच्या पर्यायांत «फेरी टाळा» चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर तुमचा बेत बागमांडल्यालाच अडेल. आणि बाईकच्या ॲपला फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये मागे चालू राहायची पूर्ण मोकळीक द्या. अँड्रॉइड फोन खिशात गेला की बॅटरी वाचवण्यासाठी ॲप झोपवतो, मग स्क्रीनवरचा नकाशा जागीच थांबतो.

ताम्हिणीत बराच वेळ रेंज नसते, त्यामुळे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हा पट्टा घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून ठेवा. फक्त लक्षात घ्या, ऑफलाइन असताना गूगल कारचा रस्ता दाखवतं. दुचाकीचा वेगळा मोड २०१७ च्या डिसेंबरात भारतातच पहिल्यांदा आला, पण रेंज नसेल तेव्हा त्याच्यावर विसंबू नका.

बाकी किनाऱ्याचं चिपळूणच्या ताई सांगतीलच.

---

चिपळूणची_वाट

सांगते. दापोली, गुहागर आणि रत्नागिरी तालुक्यांत माझं काम असतं आणि मी ते बाईकवरूनच करते, त्यामुळे हे रस्ते रोजच्या जाण्यायेण्यातले आहेत. सविस्तर लिहितेय, कारण किनाऱ्याने जायचं ठरवून निघालेली माणसं शेवटी महामार्गावर ट्रकांच्या मागे धूळ खात जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं. हा रस्ता त्यांच्या हातून निसटतो तो नियोजनात, गाडी चालवण्यात नाही.

पहिली गोष्ट. यंत्राला «समुद्र दिसणारा रस्ता» कळत नाही, त्याला फक्त वेळ कळतो. दोन बिंदू दिले की त्यांच्यामधला लवकरचा रस्ता ते देणार. आपल्याकडे किनाऱ्याचा रस्ता अरुंद, वळणांचा, गावागावांतून जाणारा, आणि आत थोड्या अंतरावर महामार्ग. म्हणजे जिथे जिथे तुम्ही त्याला मोकळीक द्याल तिथे तिथे ते आत खेचणार. म्हणून रूट दिवसांप्रमाणे पाडू नका, खाड्यांप्रमाणे पाडा. कोकणचा किनारा खाड्यांनीच तोडलेला आहे, रूटही तिथेच तोडायचा.

तुमच्या वाटेवर फेरीने ओलांडायच्या खाड्या तीन. सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, आणि जयगड खाडीवर तवसाळ ते जयगड. तेव्हा पहिला रूट पुण्याहून बागमांडल्याच्या जेट्टीपर्यंत. दुसरा वेसवी ते दाभोळ जेट्टी. तिसरा धोपावे ते तवसाळ. चौथा जयगड ते रत्नागिरी. पुढे मालवणपर्यंत खाड्यांवर पूल आहेत, तिथे भाट्ये ते देवगड आणि देवगड ते मालवण असे दोन तुकडे पुरतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या नावाने जतन करायचा. गूगल मॅप्समध्ये एका रूटला नऊच थांबे घालता येतात, ही तुमची अडचण इथेच संपते, कारण एवढ्या छोट्या तुकड्याला चार-पाच थांबे खूप होतात.

जेट्टीवर रूट संपवण्याचा आणखी एक फायदा आहे. रूट चालू ठेवून बोटीत चढलात तर बाण पाण्यावरून सरकत राहतो, आणि पलीकडे उतरताना, नेमकं उतारावर लक्ष हवं असतं तेव्हाच, स्क्रीन नवा रस्ता शोधायला लागते. भरती-ओहोटीमुळे जेट्टीचा उतार ओला असतो, खालच्या टोकाला शेवाळ असतं. बोटीचा पत्राही ओला आणि गुळगुळीत. तिथे नजर पुढच्या चाकाखाली हवी. तर जेट्टीच्या वर तिकीट काढायला थांबाल तेव्हाच रूट बंद करा, बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावा, वहिनींना आधी उतरवून चालत चढू द्या, आणि पलीकडे वर सपाटीला आल्यावर बाजूला थांबून पुढचा तुकडा चालू करा. घाईने मागच्या चारचाकीच्या पुढे काढायला जाऊ नका.

आता थांबे कुठे टाकायचे. सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा रेंगाळते.

लोक थांबा म्हणून गावाचं नाव टाकतात. गावाचं नाव टाकलं की बिंदू पडतो बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, नाहीतर एखाद्या पाखाडीत जिथे बाईक जातच नाही. मग यंत्र तुम्हाला गावात शिरवतं, बिंदूला शिवायला लावतं आणि मागे फिरवतं. थांबा गावात नाही, फाटा ओलांडून पुढे एक-दोन किलोमीटरवर, तुम्हाला हव्या असलेल्या रस्त्यावरच टाकायचा, जिथे दुसरा रस्ताच फुटत नाही. मांडवाची दोरी जिथे वाकवायची तिथेच खुंटी मारतात, तसंच हे. प्रत्येक थांबा टाकताना स्वतःला विचारा, «हा नसता तर यंत्राने कुठून नेलं असतं?» काहीच फरक पडत नसेल तर तो थांबा काढून टाका.

उदाहरण घ्या. वेसवीहून हर्णैला जाताना तुम्हाला केळशी, आडे, पाडले, आंजर्ले असं यायचंय. केळशीपासून आंजर्ल्यापर्यंतचा हा पट्टा माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वात देखणा आहे. रस्ता समुद्राला इतका लागून जातो की भरतीच्या वेळी हेल्मेटच्या काचेवर खारं पाणी जाणवतं. इथे एक थांबा केळशी सोडल्यावर आणि दुसरा आडे ते पाडले यांच्या मधे, समुद्राकडेच्या सरळ रस्त्यावर, बोटाने नकाशा मोठा करून टाका. आंजर्ल्याला वर कड्यावरच्या गणपतीला जायचं असेल तर तो खरा थांबा, नावाने टाका. तिथून जोग नदीचा पूल ओलांडला की हर्णै.

गुहागरनंतरही तसंच. मोकळं सोडलंत तर आतून नेईल. पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी असं हवं असेल तर अडूर आणि वेळणेश्वर यांच्या मधे एक बिंदू, हेदवीच्या पुढे एक. जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे आणि मग आरे-वारे. आरे-वारेचा बिंदू वरच्या वळणावर टाकू नका, कारण तिथे फोटो काढायला गाड्या आडव्यातिडव्या थांबलेल्या असतात आणि स्क्रीन त्याच वेळी «पोचलात» म्हणून सांगते. पुढे खाली उतरल्यावर टाका.

नावांचा घोळ वेगळाच. मुरुड म्हटलं की जंजिऱ्याचं मुरुड आधी येतं, तुम्हाला हवंय ते दापोलीचं, हर्णैच्या खालचं. वेळास दोन आहेत, एक श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळचं आणि एक मंडणगडचं कासवांचं. दाभोळ शोधाल तर दाभोळेसुद्धा येईल, ते रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर साखरप्याच्या बाजूला आहे. म्हणून नाव टाकून यादीत पहिलं येईल ते दाबायचं नाही. नकाशावर जागा बघून बोट दाबून धरायचं, आणि आपण दिलेल्या नावाने जतन करायचं. मी नावातच काम लिहिते: «दाभोळ जेट्टी, रूट बंद», «पाडले पुढे, सरळ».

आणि माणगावात महामार्ग ओलांडताना नकाशा पूर्ण मोठा करून बघा. जिथे दुभाजक आहे तिथे बिंदू पलीकडच्या बाजूला पडला तर यंत्र पुढे जाऊन उलटं फिरायला सांगतं. मोर्ब्याकडे वळल्यानंतरच बिंदू टाका, महामार्गावर टाकूच नका.

वेळेचं एकच सांगते. स्क्रीन जो वेळ दाखवेल त्यात चहा, फोटो, फेरीची वाट धरलेली नसते. किनाऱ्याने ताशी तीस किलोमीटर धरा, त्यापेक्षा जास्त धरून मुक्काम ठरवू नका. अंधारात हा रस्ता करू नका: गुरं रस्त्यावर बसलेली असतात, आणि ज्यासाठी इकडून आलात ते दिसणारही नाही.

---

सिंहगडरोडकर

ताई, फार मोठी मदत झाली. काल रात्री बसून तुकडे पाडले. खाडीप्रमाणे पाडल्यावर प्रत्येक तुकडा एका नजरेत मावतो आणि यंत्राने कुठे आत खेचलंय ते लगेच दिसतं.

तीन शंका. एक, वाटेत एखादा थांबा आम्ही मुद्दाम सोडला तर ते परत मागे बोलावत राहणार का? दोन, फेरी बंद असेल तर काय? तीन, सगळे जीपीएक्स फाइल जीपीएक्स फाइल म्हणतात, ती मला लागेल का?

---

नेकारकाठ

तिसऱ्याचं मी सांगतो. मी श्टुटगार्टला असतो, इथे ब्लॅक फॉरेस्टमध्ये बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटकडे जाणारा ब ५०० रस्ता आमचा रविवारचा. इकडे रूट आधी संगणकावर बसवून मग बाईकवर चढवायची रीत आहे, आणि तुमच्या त्याच अडचणी इथल्याही लोकांना येतात.

जीपीएक्स म्हणजे आखलेली वाट साठवून एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायची फाइल. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक «रूट», म्हणजे मोजके बिंदू, ज्यांच्यामधला रस्ता यंत्र स्वतः शोधतं. दुसरा «ट्रॅक», म्हणजे शेकडो बिंदूंची सलग रेघ, जी जशी काढली तशीच दिसते. रूट दुसऱ्या यंत्रावर नेला की तो त्या यंत्राच्या नकाशाप्रमाणे पुन्हा मोजला जातो. तुम्ही कुर्विगर या रूट आखायच्या साइटवर ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या) नकाशात बनवला आणि बाईकला लावायच्या गार्मिनच्या नेव्हिगेशन यंत्रावर चढवला, तर दोन बिंदूंमधला रस्ता बदलू शकतो. यात कोणाची चूक नाही, नकाशे वेगळे आहेत. उपाय तोच जो ताईंनी सांगितला: वळणाच्या पुढे बिंदू. ट्रॅक मात्र बदलत नाही, पण बऱ्याचदा «डावीकडे वळा» असंही सांगत नाही, नुसती रेघ दाखवतो.

थांबा सोडण्याबद्दलही सांगतो. गार्मिनमध्ये बिंदूंचे दोन प्रकार असतात. एक जाहीर होणारा, जिथे गेल्याशिवाय यंत्र सोडत नाही, आणि दुसरा फक्त रस्त्याला आकार देणारा, जो गपचूप पार होतो. मुक्काम, जेवण, पेट्रोल हे पहिल्या प्रकारचे, बाकी सगळे दुसऱ्या. फोनच्या गूगल मॅप्समध्ये हा फरक नाही, प्रत्येक बिंदू हा थांबाच. म्हणून एखादा सोडलात तर गाडी बाजूला घ्या आणि तो थांबा यादीतून काढून टाका. नाहीतर ते मागे फिरवायचा प्रयत्न करत राहणार.

तुमच्या बाबतीत मी असं करेन: बाईकच्या स्क्रीनवर ताईंचे तुकडे, आणि वहिनींच्या फोनवर ऑसमँड या नकाशाच्या ॲपमध्ये त्याच वाटेचा ट्रॅक, ऑफलाइन. स्क्रीन एक सांगतेय आणि रेघ दुसरीकडे जातेय असं दिसलं की मागून खांद्यावर थाप. मागे बसणाऱ्याला रस्त्यात भाग घेता येतो, हेही मोठं सुख आहे. आम्ही दोघं इथे असंच फिरतो.

---

चिपळूणची_वाट

नेकारकाठ, ट्रॅकची कल्पना छान आहे, इथे कोणी करताना पाहिलं नाही. मीही करून बघते.

फेरीचं. डिसेंबरात सहसा चालूच असतात. पावसाळ्यात वारा आणि पाणी बघून बंद ठेवतात, आणि कधी बोट दुरुस्तीला गेलेली असते. म्हणून आदल्या मुक्कामाच्या घरमालकांना सकाळी विचारायचं, त्यांना हमखास माहीत असतं. आणि प्रत्येक खाडीचा जमिनीवरचा पर्याय आधीच वेगळा रूट म्हणून जतन करून ठेवा, जेट्टीवर उभं राहून शोधू नका, तिथे रेंज असेलच असं नाही.

बागमांडल्याची बंद असेल तर आत आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून सावित्री ओलांडायची. त्या पुलाची दुरुस्ती अनेकदा निघालीय, त्यामुळे तोही चालू आहे का ते म्हसळ्यातच विचारा. नसेल तर महाडकडून. दाभोळची बंद असेल तर मात्र लांबचा वळसा आहे, दापोली, खेड, चिपळूण करून शृंगारतळीवरून गुहागर. त्या दिवशी दुसरं काही धरू नका. तवसाळची बंद असेल तर भातगावचा पूल. हा वळसा वाईट नाही, खाडीकाठची गावं सुंदर आहेत.

मोठे पूल सागरी महामार्गासाठी व्हायचे आहेत, रेवस ते रेड्डी. ते होतील तेव्हा रूट एका तुकड्यात बसेल. तोवर तुकडेच.

---

सिंहगडरोडकर

रत्नागिरीच्या खालचे दोन तुकडे असे बसवलेत, नजर टाका:

भाट्ये पूल, पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, मिठगवाणे, वाघोटन, पडेल, विजयदुर्ग, परत पडेल, देवगड.
देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण.

पडेल दोनदा आलंय. चालेल का?

---

चिपळूणची_वाट

पडेल थांबा म्हणून ठेवूच नका. विजयदुर्गला जायचा आणि यायचा रस्ता तोच आहे. मधे तोच बिंदू दोनदा असला की किल्ल्यात वेळ गेल्यावर यंत्र तुम्हाला यादीत कुठे समजतंय ते कळत नाही. रूट विजयदुर्गला संपवा. किल्ला नीट बघा, निदान अर्धा दिवस द्या. मग विजयदुर्ग ते देवगड नवा तुकडा, त्यात वाडा गावाच्या पुढे एकच बिंदू.

देवगडहून कुणकेश्वरला तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलावरून जा. बिंदू पुलाच्या पलीकडे टाका, अलीकडे नाही, नाहीतर आतून जामसंड्याकडे फिरवेल. बाकी मिठबाव, आचरा बरोबर आहे. पेट्रोल देवगडलाच भरून घ्या.